एकाच टाकीत वेगवेगळ्या प्रदेशांतील सिक्लिड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिक्लिड पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात मिसळते, तेथे पुनरुक्ती न करता संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. 'सेमी' म्हणजे सेंटिमीटर, आणि टाकीचे लिटर हे दगड-वाळू न घातलेल्या, काठोकाठ भरलेल्या टाकीचे धरावेत. दगड आणि वाळू टाकल्यावर प्रत्यक्षातील पाणी त्याहून कमी भरते.

१. सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे, आणि 'वेगवेगळे प्रदेश' म्हणजे कोणते?

सिक्लिड हे मुख्यतः गोड्या पाण्यातील माशांचे एक फार मोठे कुळ असून त्यात आजवर सुमारे १,७०० प्रजातींचे वर्णन झालेले आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर, रॅम, कन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस, पीकॉक, म्बुना (मलावी सरोवरातील खडकांत राहणारे मासे), फ्रंटोसा हे सर्व याच कुळातील मासे आहेत. पाळण्याच्या दृष्टीने पूर्व आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया ही तीन सरोवरे वेगवेगळी धरतात. त्याशिवाय पश्चिम आफ्रिकेतील नद्या, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिका हे नेहमीचे प्रदेश आहेत. मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका येथेही सिक्लिड आढळतात (प्रश्न १७ पाहा).

मात्र 'दक्षिण अमेरिका' हा एकच प्रदेश समजणे ही फार मोठी ढोबळ चूक ठरते. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्याचा पीएच ५ च्याही खाली असतो आणि त्यात क्षार जवळजवळ नसतातच. तेथून कितीतरी दक्षिणेला, उरुग्वेमध्ये राहणाऱ्या जिम्नोजिओफॅगस वंशाच्या माशांना मात्र हिवाळ्याचे गार पाणी लागते, आणि वर्षभर २८ अंशांवर ठेवल्यास ते खंगत जातात. दोघांच्याही पाकिटावर 'दक्षिण अमेरिकन सिक्लिड' असेच लिहिलेले असते.

२. थोडक्यात सांगा: वेगवेगळ्या प्रदेशांतील सिक्लिड एकत्र राहू शकतात की नाही?

काही मोजके मेळ जमतात, बहुतेक जमत नाहीत. जे जमत नाहीत त्यांपैकी थोडेच पाण्यामुळे बिघडतात. बाकीचे बिघडतात ते स्वभाव आणि आहार यांमुळे. म्हणून निवड करताना नकाशा आणि पीएचचा तक्ता बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी पाहाव्यात: हा मासा भांडतो कसा, खातो काय, आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होतो. या तिन्ही बाबतींत दोन मासे जुळत असतील, तरच पाण्याची चर्चा करण्यात अर्थ आहे.

३. दोघांच्या मूळ पाण्याचा पीएच वेगळा आहे. मधला पीएच ठेवला तर चालेल का?

पुष्कळदा चालतो, परंतु मधला आकडा कोणत्या मार्गाने गाठला आहे यावर सारे अवलंबून असते. मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो आणि टांगानिकाचा ९ च्या आसपास पोहोचतो. व्हिक्टोरियाचे पाणी अल्कधर्मी असले तरी त्यात क्षार या दोघांपेक्षा बरेच कमी असतात. मध्य अमेरिकेतील अनेक नद्या आणि सरोवरे ७ ते ८ च्या घरात असून त्यांचे पाणी मध्यम ते कठीण असते. म्हणजे पीएच ७.५ ते ७.८, मध्यम कठीण पाणी आणि २५ ते २६ अंश सेल्सियस तापमान एवढे सांभाळले, तर मलावी, व्हिक्टोरिया आणि मध्य अमेरिका येथील मासे केवळ पाण्याच्या कारणाने आजारी पडत नाहीत. टांगानिकाचे मासे यात कडेला उभे आहेत. त्यांतील ट्रोफियससारख्या माशांना क्षारांची कमतरता लवकर जाणवते.

अडचण सुरू होते ती आकड्याच्या मागे लागल्यावर. नळाचे पाणी मुळात कठीण असेल, म्हणजे त्याचा केएच (पीएच टिकवून धरणाऱ्या कार्बोनेटांचे प्रमाण) जास्त असेल, तर त्यात आम्ल टाकून पीएच खाली आणता येतो, पण पाण्यातील बायकार्बोनेट तो काही तासांतच पुन्हा वर ओढतो. मग पुन्हा आम्ल टाकले जाते आणि मासा दिवसभर या झोक्यावर बसून राहतो. स्थिर ८ हा पीएच कोणत्याही डळमळीत ७ पेक्षा बरा. मृदू पाणी खरोखरच हवे असेल, तर आरओचे पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळणे हाच सरळ मार्ग आहे; उलट पाणी कठीण करायचे असेल, तर फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा किंवा ॲरागोनाइट ठेवावे, म्हणजे क्षार हळूहळू उतरतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पाण्यातील अमोनियाचा किती भाग विषारी रूपात असतो हे पीएचवर ठरते: २५ अंश तापमानात पीएच ७ असताना एक टक्क्याहूनही कमी, ८ असताना सुमारे ५ टक्के आणि ९ असताना तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणून मृदू पाण्यातील गर्दीची जुनी टाकी टांगानिकाच्या माशांसाठी 'बदलून' घेताना पीएच एकदम वर नेला, तर तोवर निरुपद्रवी राहिलेला अमोनिया त्याच दिवशी मासे मारू शकतो. आधी अमोनिया शून्य आहे याची चाचणी करावी आणि मगच पाण्याला हात लावावा.

४. आमचे मासे कित्येक पिढ्या टाकीतच जन्मलेले आहेत. मग मूळ पाण्याचा काय संबंध?

जगण्याशी संबंध कमी, विणीशी जास्त. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले एंजल मध्यम कठीण पाण्यातही वर्षानुवर्षे ठणठणीत राहतात. डिस्कस मोठा होऊ शकतो, पण फार कठीण पाण्यात त्याची अंडी नीट फलत नाहीत. क्रिबेन्सिसमध्ये तर पाण्याच्या पीएचवर पिल्लांतील नर-मादीचे प्रमाण बदलते आणि आम्लधर्मी पाण्यात नर अधिक निपजतात. पिल्ले नकोच असतील, तर या मर्यादा तुमच्यापुरत्या सैल होतात. पिढ्यांनी सैल होत नाही तो स्वभाव: टाकीत जन्मलेला म्बुनादेखील आपल्या दगडासाठी तितक्याच त्वेषाने भांडतो.

५. पाणी जुळले, टाकीही मोठी आहे, तरी मारामारी थांबत नाही. असे का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सिक्लिडांची भांडणे आंधळी नसतात; त्यांना पायऱ्या असतात. आधी रंग गडद होतो, पर ताठ उभे राहतात, मग मासा आडवा होऊन स्वतःचा पूर्ण आकार दाखवतो, त्यानंतर शेपटीने पाण्याचा झोत मारतो, आणि एवढ्यावर कोणी माघार घेतली नाही तरच तोंडाला तोंड भिडते. एकाच प्रदेशातील मासे या पायऱ्या ओळखतात, आणि हरणारा मासा रंग फिका करून, पर मिटून बाजूला होतो. वेगवेगळ्या प्रदेशांतील मासे एकत्र आले की ही समजूत नेमकी या टप्प्यावर तुटते.

मध्य अमेरिकेतील फायरमाउथ हे याचे ठळक उदाहरण आहे. तो कल्ले फाकवतो, गळ्याखालची लालभडक पिशवी फुगवतो आणि क्षणभरासाठी दुप्पट मोठा भासतो. त्याच्या जातीतील दुसरा नर हे पाहून बहुधा मागे सरतो. त्याच्या समोर म्बुना आणून सोडला, तर म्बुना ही सारी मिरवणूक संपण्याची वाटच पाहत नाही. खडकांच्या दाट वस्तीत वाढलेल्या म्बुनांची पद्धत अशी की घुसायचे, चावायचे आणि निसटायचे. फायरमाउथ गळा फुगवून उभा असतो आणि तेवढ्यात त्याच्या शेपटीचा तुकडा गेलेला असतो. त्यामुळे आकाराने लहान असूनही म्बुना जिंकतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की फायरमाउथच भित्रा आहे.

दुसरा भाग जागेचा आहे. मुक्त पाण्यात हिंडणारा मासा हरला की दूर निघून जातो. टाकीत 'दूर' नावाची जागाच नसते. पळण्याचा संकेत दिला तरी पळालेला मासा पुन्हा त्याच हद्दीत दिसत राहतो, आणि जिंकणाऱ्याच्या दृष्टीने भांडण संपलेलेच नसते. मांडणीने हे किती सुधारते ते प्रश्न ११ मध्ये पाहावे.

६. मलावी आणि टांगानिका ही दोन्ही आफ्रिकन सरोवरेच आहेत. मग ते मासे एकत्र ठेवायला हरकत काय?

हरकत पाण्याची कमी आणि चालण्याबोलण्याची जास्त आहे. टांगानिकाचे बरेचसे लोकप्रिय मासे शांत, सावकाश आणि स्वतःच्या कोपऱ्यात रमणारे असतात. गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारा मल्टिफॅसिएटस पूर्ण वाढूनही चार-पाच सेंटिमीटरचाच असतो. म्बुनांच्या टाकीत तो शंखाबाहेर तोंड काढू शकत नाही आणि उपाशी मरतो. ब्रिचार्डीचे याच्या नेमके उलट आहे: एक जोडी जमली की मोठी भावंडे धाकट्यांची राखण करतात, कुटुंब वाढत जाते आणि बाकीच्या सर्व माशांना ते टाकीच्या एका टोकाला दाबून टाकते.

तरीही दोन अपवाद सांगता येतात. पहिला ऑल्टोलॅम्प्रोलोगस, म्हणजे कॅल्व्हस आणि कॉम्प्रेसिसेप्स. हा मासा अंगावर कोणी आला की पळत नाही. शरीर धनुष्यासारखे वाकवून जाड, कडक खवल्यांची बाजू हल्लेखोरासमोर धरतो आणि चावणाऱ्याला तोंडात धरण्यासारखे काही मिळत नाही. मलावीच्या मवाळ माशांबरोबर तो टिकतो, फक्त तो अतिशय हळू वाढतो आणि खाण्यातही मागे राहतो. दुसरा अपवाद फ्रंटोसा. मोठ्या टाकीत मलावीच्या कोपाडिक्रोमिससारख्या मध्यम, मुक्त पाण्यात पोहणाऱ्या माशांबरोबर तो चालतो. मात्र तो ३० सेमीपर्यंत वाढतो आणि अंधुक प्रकाशात लहान मासे गिळतो, हे विसरू नये.

ट्रोफियस या अपवादांत बसत नाही. त्याचा आहार आणि टोळीतील उतरंड या दोन्ही गोष्टी इतक्या नाजूक आहेत की त्याला स्वतंत्र टाकीच द्यावी.

७. म्बुना आणि पीकॉक दोन्ही मलावीचेच आहेत. ते तरी नक्की जमतील ना?

सरसकट नाही. पीकॉक वाळूवर तरंगत राहून वाळूतील किडे टिपणारा मवाळ मासा आहे. मेलानोक्रोमिस ऑराटससारखा म्बुना त्याला दोन आठवड्यांत रंगहीन करून टाकतो. इलेक्ट्रिक यलो नावाने मिळणारा लॅबिडोक्रोमिस केरुलियस मात्र म्बुनांत सर्वांत सोशिक असल्याने पीकॉकबरोबर बहुधा चालतो. 'प्रदेश एक म्हणजे स्वभाव एक' हे गृहीतक किती कच्चे आहे, ते या एका उदाहरणावरून कळते.

८. ऑस्कर किंवा मध्य अमेरिकेतील मोठे सिक्लिड आफ्रिकन माशांबरोबर ठेवता येतील का?

आमचे मत स्पष्टपणे 'नको' असे आहे. ऑस्कर ३० सेमीच्या पुढे जातो आणि जे तोंडात मावते ते खातो. तरीही तो स्वभावाने आळशी आणि हळवा असल्यामुळे चपळ म्बुना त्याचे पर कुरतडून त्याला जेरीस आणतात. म्हणजे लहान म्बुना गिळले जातात आणि मोठे म्बुना ऑस्करला छळतात, असे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. जॅग्वार, रेड डेव्हिल किंवा मिडास यांसारखे मासे तर हल्ला करताना प्रदेश पाहत नाहीत. कन्व्हिक्ट लहान असला तरी त्याची जोडी अंड्यांवर बसली की २०० लिटरच्या टाकीतील निम्मी जागा इतरांना बंद होते.

ऑस्करसोबत दुसरा मासा हवाच असेल, तर अमेरिकेबाहेर जाण्यापेक्षा सेव्हरम किंवा जिओफॅगससारख्या धिप्पाड पण समजूतदार माशांकडे पाहावे (प्रश्न १६).

९. एंजल, डिस्कस किंवा रॅम यांच्याबरोबर आफ्रिकन मासे?

सरोवरांतील मासे अजिबात नकोत. डिस्कसला २८ ते ३० अंश तापमान लागते, त्या तापमानात मलावीचे मासे अधिक चिडखोर होतात आणि पाण्यातील प्राणवायूही कमी पडतो. रॅम, म्हणजे मिक्रोजिओफॅगस रामिरेझी, हा ओरिनोको खोऱ्यातील मऊ स्वभावाचा मासा आहे आणि आफ्रिकन सरोवरी माशांसमोर तो एक आठवडाही तग धरत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिस मात्र वेगळा आहे. पीएच ६.५ ते ७.२ आणि तापमान २५-२६ अंश असलेल्या टाकीत वर एंजल आणि तळाला क्रिबेन्सिसची एक जोडी हा मेळ पुष्कळ जणांना लाभतो, कारण दोघांच्या उंच्या वेगळ्या असतात. टाकी १२० सेमी लांबीची असेल, तर क्रिबेन्सिसच्या विणीच्या काळातही तळाची दुसरी बाजू मोकळी राहते. त्याच तळावर बोलिव्हियन रॅमही ठेवायचा असेल, तर दोन गुहा दोन टोकांना द्याव्यात आणि मध्ये झाडांची दाट रांग ठेवावी.

१०. सर्वांना एकच खाद्य घातले तर काय बिघडते?

बहुतेक मिश्र टाक्या दिसायला शांत असताना नेमक्या येथेच खचतात. म्बुना आणि ट्रोफियस खडकांवरील शेवाळ आणि त्यातील सूक्ष्म जीव दिवसभर खरवडून खातात. त्यांचे आतडे लांब असते आणि त्यातून अन्न सावकाश सरकते. ऑस्कर, फ्रंटोसा किंवा जॅग्वार हे मांसाहारी आहेत. मांसाहारी माशांसाठीचे जास्त प्रथिनांचे दाणे टाकीत पडले, तर म्बुना ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खातात, कारण ते चपळ असतात. सस्तन प्राण्यांचे मांस आणि चरबी तर कोणत्याही सिक्लिडला नीट पचत नाही.

याचा परिणाम 'ब्लोट' या नावाने ओळखला जातो. त्याला एकच कारण नसते. चुकीचा आहार, सततचा ताण आणि आतड्यातील परजीवी हे तिन्ही एकमेकांना हातभार लावतात. मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, विष्ठा पांढरी आणि दोरीसारखी लोंबते, श्वास वाढतो, आणि पोट फुगलेले दिसू लागते तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मेट्रोनिडाझोल हे औषध अशा वेळी वापरले जाते, पण ते खाद्यातून दिले तरच चांगले उपयोगी पडते, आणि ब्लोट झालेल्या माशाने खाणे आधीच सोडलेले असते. म्हणून खाणे मंदावताच वेगळ्या टाकीत हलवावे.

दोन आहारांचे मासे एकत्र असतीलच, तर खाद्य शाकाहारी माशाच्या बाजूने झुकवावे: स्पायरुलिनायुक्त दाणे रोजचे, आणि प्रथिनांचे खाद्य दिवे मंद झाल्यावर, फ्रंटोसासारख्या माशासमोर नेमके, चिमट्याने. मांसाहारी मासा थोडा सावकाश वाढेल. शाकाहारी मासा मात्र चुकीच्या खाद्याने मरू शकतो.

११. टाकी किती मोठी हवी, आणि मांडणी कशी करावी?

लिटरपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पाठलाग आडवा होतो. मध्यम आकाराच्या माशांचा मिश्र गट १२० सेमीहून लहान टाकीत करूच नये. १५०×५०×५० सेमी, म्हणजे ३७५ लिटर, ही मिश्र गटाची खरी सुरुवात आहे. फ्रंटोसा किंवा ऑस्कर असतील, तर १८०×६०×६० सेमी, म्हणजे सुमारे ६५० लिटर धरावेत.

मांडणीचा उद्देश एकच: एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा सतत दिसू नये. दगडांचे दोन-तीन स्वतंत्र ढीग करावेत, त्यांच्यामध्ये मोकळी वाळू सोडावी, आणि प्रत्येक गुहेला दोन तोंडे ठेवावीत; एकच तोंड असलेली गुहा आश्रयाऐवजी सापळा ठरते. दगड काचेवर थेट टेकवून नंतर वाळू भरावी, कारण उकरणारे सिक्लिड खालची वाळू काढून घेतात आणि वरचा दगड ढासळतो.

१२. गर्दी वाढवली की भांडणे कमी होतात, असे ऐकले आहे. खरे आहे का?

म्बुनांच्या बाबतीत खरे आहे, पण अटींसह. संख्या भरपूर असली की एकच बळी ठरत नाही आणि हल्ला सर्वांमध्ये वाटला जातो; डेमासोनीसारखी प्रजाती म्हणूनच डझनभर किंवा अधिक संख्येत ठेवतात. ही पद्धत मध्य अमेरिकेच्या माशांवर लावली, तर मात्र उलटते. तेथे जोड्या बनतात, जोडीला पूर्ण हद्द लागते, आणि गर्दी म्हणजे केवळ शत्रूंची संख्या. वेगवेगळ्या प्रदेशांच्या टाकीत या दोन पद्धती एकत्र चालवताच येत नाहीत. शिवाय गर्दीसोबत फिल्टर आणि पाणी बदलण्याचे काम त्याच प्रमाणात वाढते. दर आठवड्याला एकतृतीयांश ते निम्मे पाणी बदलण्याची तयारी नसेल, तर गर्दीचा विचार करू नये.

१३. मासे टाकीत कोणत्या क्रमाने सोडावेत?

सर्वांत मवाळ आधी, सर्वांत आक्रमक शेवटी. आणि आक्रमक मासा शक्य तेवढा लहान वयाचा आणावा. भरल्या टाकीत नवा मासा सोडायचा असेल, तर आधी दगड हलवून जुन्या हद्दी मोडाव्यात, सर्वांना थोडे खाऊ घालावे आणि दिवे बंद करून मग सोडावे. त्याआधी तीन ते चार आठवडे नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवणे अनिवार्य समजावे, विशेषतः त्याचा प्रदेश वेगळा असल्यास, कारण एका गटाने अंगवळणी पाडून घेतलेले परजीवी दुसऱ्या गटाला भारी पडतात. एंजलकडून डिस्कसला होणारा त्रास हे याचे नेहमीचे उदाहरण आहे.

१४. वेगवेगळ्या प्रदेशांतील मासे एकमेकांशी संकर करतात का?

कुळातील नाते किती जवळचे यावर ते ठरते. आफ्रिकन आणि अमेरिकन सिक्लिड कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले असल्याने त्यांच्यात पिल्ले होत नाहीत. टांगानिकाचे लॅम्प्रोलोगस गटातील मासे आणि मलावीचे मासे यांचेही तसेच. याउलट मलावी आणि व्हिक्टोरियाचे मासे एकाच हॅप्लोक्रोमिन शाखेचे असल्याने ते टाकीत एकमेकांशी वीण करू शकतात, आणि मलावीच्या आतील प्रजाती तर सहज करतात. मध्य अमेरिकेतील माशांच्या संकरांतूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस मलेशियात फ्लॉवरहॉर्न आणि त्याआधी तैवानात ब्लड पॅरट हे मानवनिर्मित मासे आले.

या माशांच्या माद्या नराची निवड मुख्यतः रंगावरून करतात. व्हिक्टोरियातील पुंडामिलिया वंशाच्या माद्यांवरील प्रयोगात रंग ओळखू येणार नाहीत असा प्रकाश लावल्यावर त्यांनी आपल्या आणि परक्या प्रजातीत भेद करणे सोडून दिले. म्हणून रंगीत दिव्यांची हौस असलेल्यांनी मिश्र टाकीत पांढराच दिवा ठेवावा. खरा उपाय म्हणजे मलावी-व्हिक्टोरिया मिश्रणात फक्त नरच ठेवणे. तेही नसेल, तर या टाकीतील पिल्ले कोणालाही प्रजातीच्या नावाने देऊ नयेत. दिसायला ती एका पालकासारखी असतात आणि चूक पुढच्या पिढीत उघड होते.

१५. मिश्र टाकीत अचानक वीण झाली. आता काय करावे?

प्रजाती अंडी कशी सांभाळते ते पाहावे. मलावीची मादी अंडी तोंडात घेऊन साधारण तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. तिला हुसकावले जात नसेल, तर हात लावू नये. कन्व्हिक्ट किंवा क्रिबेन्सिस यांची जोडी अंड्यांवर उभी राहून लढते, आणि त्या काळात इतर माशांना धोका असतो. इतरांना वाचवायचे असेल, तर इतरांना हलवण्यापेक्षा जोडी किंवा अंडी असलेला दगड हलवणे सोपे जाते.

याच ओघात एक गंमत: टांगानिकाचा सिनोडोंटिस मल्टिपंक्टॅटस हा कॅटफिश तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिडच्या विणीत आपली अंडी घुसवतो आणि त्याची पिल्ले सिक्लिडची अंडी-पिल्ले खाऊन त्या मादीच्या तोंडात वाढतात. मलावीच्या माद्यांनाही तो असाच फसवतो. प्रदेश बदलला तरी कोकिळेचे हे काम चुकत नाही.

१६. मग नेमके कोणते मेळ सुचवाल?

पहिला आणि सर्वांत भरवशाचा मेळ अमेरिकेच्या दोन भागांचा: मध्य अमेरिकेचा फायरमाउथ, दक्षिण अमेरिकेचा सेव्हरम, ब्ल्यू अकारा आणि जिओफॅगसचा लहान गट. पीएच ७ ते ७.५, २६ अंश, ५०० लिटरच्या आसपास टाकी आणि तळाला बारीक वाळू, कारण जिओफॅगस ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळत खातो. दुसरा मेळ प्रश्न ९ मधील एंजल आणि क्रिबेन्सिसचा. तिसरा मेळ मलावीचे पीकॉक आणि व्हिक्टोरियाचे मवाळ हॅप (हॅप्लोक्रोमिन मासे) यांचा, केवळ नरांचा आणि प्रत्येक रंगाचा एकच. एकसारखे दिसणारे दोन नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. चौथा मेळ, फ्रंटोसा आणि कोपाडिक्रोमिस, ज्यांच्याकडे प्रचंड टाकी आहे त्यांच्यासाठीच.

यांपैकी कोणताही मेळ करताना फिल्टर आणि हीटर लावलेली एक रिकामी टाकी तयार ठेवावी. ती नसेल, तर मेळ करू नये.

१७. ऑरेंज क्रोमाइड किंवा ग्रीन क्रोमाइड यांना कोणाबरोबर ठेवावे?

दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील हे सिक्लिड निमखाऱ्या पाण्यात सर्वांत जोमदार राहतात. ग्रीन क्रोमाइड म्हणजे केरळातील करीमीन. ऑरेंज क्रोमाइड गोड्या पाण्यातही राहतो, पण कठीण आणि अल्कधर्मी पाणी हवेच. गोड्या पाण्यातील इतर सिक्लिडांना त्यांच्यासाठी मीठ सोसायला लावणे योग्य नाही. या दोघांची मात्र एकमेकांशी छान जुळते. निसर्गात ऑरेंज क्रोमाइड ग्रीन क्रोमाइडच्या अंगावरील परजीवी टिपताना दिसतो.

१८. एक मासा सतत मार खातो आहे. तो सावरेल म्हणून थांबावे का?

थांबू नये. मार खाणारा मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे किंवा हीटरला चिकटून उभा राहतो. त्याचे पर मिटलेले असतात, रंग काळपट किंवा अगदी फिका पडतो, आणि खाद्य पडले तरी तो खाली येत नाही. शेपटीच्या कडेला पांढरट धार दिसली, तर चावे सुरू झाले आहेत असे समजावे. बहुतेक जण मार खाणाऱ्याला काढतात, पण त्याने मारणाऱ्याचे लक्ष फक्त दुसऱ्या माशाकडे वळते. म्हणून जखमी मासा हलवल्यावर मारकुट्यालाही काही दिवस बाहेर ठेवावे, त्या काळात दगडांची मांडणी बदलावी, आणि परत सोडताना त्याला सर्वांत शेवटी सोडावे. एवढे करूनही तेच घडले, तर तो मेळ चुकलेला आहे. मारकुट्याला कायमची वेगळी टाकी द्यावी किंवा त्याच्यासाठी दुसरा पाळणारा शोधावा.

१९. नको झालेला सिक्लिड नदी-तळ्यात सोडून दिला तर?

कधीही सोडू नये. अमेरिकेतील फ्लोरिडात ऑस्करसह अनेक परदेशी सिक्लिड उघड्या पाण्यात कायमचे वसले आहेत. परत घेणारा विक्रेता, दुसरा पाळणारा किंवा एखादे मत्स्यालय हे पर्याय आधीच विचारून ठेवावेत; आणि त्या टाकीचे पाणी, वाळू, झाडे यांचीही विल्हेवाट नदी-नाल्यापासून दूर लावावी, कारण त्यांतून परजीवी आणि गोगलगायी माशाविनाही पोहोचतात.